राबणाऱ्या गाड्यांची गोष्ट

आज जरा वेगळा विषय. मोटारींचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्स रॉइस येतात, नाहीतर लांबलचक बॉनेटच्या, पांढऱ्या टायरच्या अमेरिकन गाड्या. त्यांच्यावर पुस्तके निघतात, कॅलेंडरे निघतात. पण ज्या गाड्यांनी खरोखर कामे केली, म्हणजे चिखलातून ओझी ओढली, विजेचे खांब रोवले, लसी पोचवल्या, त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे कुणी लिहीत नाही. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, मराठीत आपण सरसकट 'फोर व्हील' म्हणतो त्या जुन्या कामाच्या गाड्यांबद्दल मला बरेच दिवसांपासून लिहायचे होते. आमच्या घरात सध्या चाललेल्या एका वादामुळे तो योग आला. वाद काय ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास. (मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही!)

साध्या मोटारीला चाके चार असली तरी इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. बाकीची दोन नुसती बरोबर फिरतात. चार माणसांच्या घरात दोघे कमावते आणि दोघे बसून खाणारे असावेत, तसा हा संसार. डांबरी रस्त्यावर तो उत्तम चालतो. पण पावसाळ्यात काळ्या रानात गाडी शिरली की कमावत्या चाकांपैकी एक जागच्या जागी गरगर फिरू लागते. डिफरन्शियल नावाच्या यंत्राची रचनाच अशी असते की ज्या चाकाला अडवणूक कमी ते आधी फिरते. म्हणजे चिखलातले चाक फिरत राहते आणि घट्ट जमिनीवरचे चाक गप्प उभे. अशा वेळी पुढची दोन चाकेही कामाला लागली तर गाडी स्वतःला ओढून बाहेर काढू शकते. कल्पना इतकी सोपी आहे. अडचण होती ती पुढच्या चाकांची. त्यांना वळायचेही असते. जे चाक डावीउजवीकडे वळते आहे त्याच्यापर्यंत फिरता दांडा पोचवायचा कसा?

हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न युरोपात सुरू झाले होते. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी 1903 मध्ये चारही चाकांना जोर देणारी पेट्रोलची मोटार बनवली होती. पण ती होती शर्यतीची गाडी. या कल्पनेला कामाला जुंपले ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल नावाच्या लहानशा गावातल्या ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिक या मेव्हण्या-मेव्हण्यांनी. ते यंत्रशाळा चालवत. आपल्या भाषेत सांगायचे तर लोहारकाम आणि फिटरकाम करणारी माणसे. झाकोची मोटार एकदा वाळूच्या चढावर अडकली, पुढे काही जाईना, आणि उलटा गिअर टाकल्यावर मात्र चढली. तेव्हा पुढची चाकेही ओढू लागली तर काय होईल हे त्याच्या डोक्यात आले, असे सांगतात. गोष्ट पुढे थोडी रंगवलीही गेली असेल. पण 1908 मध्ये दोघांनी पुढच्या आसाच्या टोकाला, गोल कवचात बसवलेल्या सांध्याचे पेटंट मिळवले हे खरे. चाक वळत असतानाही त्या सांध्यातून जोर पोचत राहतो. त्यातून जी कंपनी उभी राहिली तिचे नावच 'फोर व्हील ड्राइव्ह' असे ठेवले गेले. (बारशाला फार विचार करावा लागला नसणार.)

त्यांनी आधी मोटारी बनवल्या, पण गिऱ्हाईक मिळेना. शहरात राहणाऱ्या सुखवस्तू माणसाला चारही चाकांचे करायचे काय? मग ते ट्रककडे वळले. त्यांचा तीन टनी 'मॉडेल बी' ट्रक आणि त्याच विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावातल्या जेफरी कंपनीचा 1913 चा 'क्वाड' हे या घराण्याचे मूळ पुरुष. क्वाडची गंमत अशी की त्याची चारही चाके ओढत, चारही वळत आणि चारही चाकांना ब्रेक होते. वेग विचाराल तर चांगल्या सायकलस्वाराने मागे टाकावे इतका. पण वेग हवाच होता कुणाला?

नंतर पहिले महायुद्ध आले. फ्रान्सच्या चिखलात घोडे आणि खेचरे हजारांनी मरत होती, तोफा रुतत होत्या. अमेरिकन सैन्याने मॉडेल बी ट्रक सुमारे 15 हजार मागवले. क्लिंटनव्हिलला इतके पुरुष कामगार मिळेनात म्हणून कारखान्याने स्त्रियांना कामावर घेतले. त्यांतली लुएला बेट्स ही तयार झालेले ट्रक चालवून बघायच्या कामावर 1918 मध्ये लागली. युद्ध संपल्यावरही ती टिकून राहिली आणि 1920 च्या सुमारास कंपनीचा ट्रक घेऊन गावोगाव प्रात्यक्षिके करत हिंडली. ट्रक चालवणे आणि बिघडला तर स्वतः दुरुस्त करणे, दोन्ही. शंभर वर्षांपूर्वीची ही बाई मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत आवडते पात्र वाटते.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारकडे हजारो ट्रक शिल्लक राहिले. ते राज्यांच्या रस्ते खात्यांना वाटून टाकले गेले. रस्ते नव्हते म्हणून बनवलेल्या गाड्या रस्ते बांधायच्या कामाला लागल्या! या गाड्यांच्या कहाणीत हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. जन्म युद्धात, आयुष्य मात्र रस्त्यावर, शेतात, जंगलात. बेसरडिक मधल्या काळात कंपनीतून बाहेर पडला आणि 1917 मध्ये भागीदारीत त्याने दुसरी कंपनी काढली. ती पुढे ऑशकॉश या नावाने प्रसिद्ध झाली आणि आजही लष्करी ट्रक बनवते.

दुसऱ्या महायुद्धातली जीप सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1940 च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने 135 कंपन्यांना विचारले, की हलकी चारचाकी टेहळणी गाडी 49 दिवसांत नमुना म्हणून देता का? बँटम नावाच्या, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या छोट्या कंपनीने ते आव्हान घेतले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने झपाट्याने आराखडे काढले आणि 23 सप्टेंबरला गाडी सैन्याच्या दारात उभी केली. पण बँटमचा कारखाना लहान. मोठी कामे गेली विलिस-ओव्हरलँड आणि फोर्डकडे. विलिसचे इंजिन दमदार होते, 60 अश्वशक्तीचे. बार्नी रूस हा त्यांचा मुख्य अभियंता. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीप बनवल्या. ज्या बँटमने पहिली गाडी घडवली तिच्या वाट्याला पुढे ट्रेलर बनवण्याचे काम आले. इतिहासात श्रेय आणि फळ एकाच पानावर क्वचित वाढलेले असते.

मला खरे औत्सुक्य आहे ते युद्धानंतरच्या तीन-चार वर्षांचे. 1945 ते 1948 या काळात जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकमेकांशी सल्लामसलत न करता, माणसांनी एकच विचार केला: हे लढाईचे यंत्र शेतावर आणता येईल का?

विलिसने 1945 मध्येच शेतकऱ्यांसाठी जीप काढली. मागे फळी, नांगर ओढायची सोय, आणि 'पीटीओ', म्हणजे इंजिनाचा जोर बाहेर काढून देणारा दांडा. ट्रॅक्टरवाल्यांना हा शब्द सांगायला नको. या दांड्याला पट्टा लावून करवत चालवा, पंप चालवा, मळणीयंत्र चालवा.

डॉज कंपनीने युद्धात पाऊण टनी फोर व्हील ट्रक बनवले होते. 1946 मध्ये तेच तंत्र वापरून त्यांनी 'पॉवर वॅगन' बाजारात आणला. हा माझ्या मते या जातीचा नमुनेदार पुरुष. एक टन ओझ्याचा, सहा सिलिंडरचे 94 अश्वशक्तीचे इंजिन, पुढे पोलादी दोराचा विंच, पुढे-मागे पीटीओ. दिसायला अगदी ठोकळा. मडगार्ड असे की त्यांवर उभे राहून काम करता यावे. कंपनीने जाहिरातीत त्याचे वर्णन 'स्वतः चालत जाणारे शक्तिकेंद्र' अशा अर्थाने केले होते आणि ते खोटे नव्हते. टेलिफोन कंपन्यांनी, वणवा विझवणाऱ्या खात्यांनी, बर्फ साफ करणाऱ्या नगरपालिकांनी, अरबस्तानात तेल शोधणाऱ्या अरामको कंपनीने तो वापरला. अमेरिकेत तो 1968 पर्यंत विकला गेला आणि बावीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यात जवळजवळ काहीही बदल झाला नाही. दरवर्षी नवे शेपूट, नवे दिवे लावून गाड्या विकणाऱ्या त्या काळच्या अमेरिकेत ही विलक्षण गोष्ट होती. ज्याला रोज राबायचे आहे त्याला दरवर्षी नवे कपडे शिवायला फुरसत नसते, हेच खरे.

इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरत असे. ती मोडली तर पुढे काय, या प्रश्नातून 1947 मध्ये लँड रोव्हरचा विचार निघाला आणि 30 एप्रिल 1948 ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. पोलादाचे रेशनिंग होते म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. रंग हिरवा, कारण विमानांसाठी बनवलेला हिरवा रंग शिल्लक होता. पहिल्या नमुन्यात स्टिअरिंग चाक ट्रॅक्टरसारखे मधोमध होते! टंचाईतून आलेल्या या तडजोडीच पुढे तिची ओळख झाल्या. ॲल्युमिनियम गंजत नाही, म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या टिकल्या. या घराण्यातली शेवटची डिफेंडर सोलिहलच्या कारखान्यातून 29 जानेवारी 2016 ला बाहेर पडली.

आणि हरलेल्या जर्मनीत अल्बर्ट फ्रीडरिख या अभियंत्याने 1946 मध्ये 'उनिमोग'चा नमुना उभा केला. त्याच्या दोन चाकांमधले अंतर ठेवले 1 मीटर 27 सेंटिमीटर. का? तर बटाट्याच्या दोन ओळींचे अंतर तेवढे म्हणून! विमानाची इंजिने बनवणारा माणूस बटाट्याच्या सऱ्या मोजत होता. उपाशी देशाला काय हवे ते त्याला कळले होते. शाळेत महायुद्धाचे परिणाम शिकवताना आम्ही तह, सीमा, मृतांचे आकडे शिकवले. ही बटाट्याच्या सऱ्यांची गोष्टही त्या धड्यात असायला हवी होती, असे आता वाटते.

आता आपल्याकडे येऊ.

जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 2 ऑक्टोबर 1945 ला मुंबईत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे 1948 मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. (नावाची आद्याक्षरे तीच राहिली, छापलेले कागद वाया गेले नसतील.) विलिस जीपचे सुटे भाग मागवून माझगावला जोडणी सुरू झाली आणि 1949 मध्ये इथे जोडलेली पहिली जीप बाहेर पडली. पुढे कांदिवलीचा कारखाना आला. म्हणजे आपली जीप अस्सल मुंबईकर. विलिसचे उंच बॉनेटचे 1953 चे मॉडेल, सीजे-3बी, आपल्याकडे इतके रुजले की अमेरिकेत ते 1968 मध्ये बंद झाले तरी इथे नावे आणि इंजिने बदलत त्याचे वंशज 2010 च्या सुमारापर्यंत निघत राहिले. त्याच वर्षी आलेल्या 'थार'च्या चेहऱ्यातही आजोबांची छाप होती.

जीपचे नाव आपल्या राजकारणातही सुरुवातीलाच आले. काश्मीरच्या लढाईसाठी 1948 मध्ये लंडनहून जुन्या जीप घ्यायचा करार झाला. आपले तिथले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तो केला होता. सुमारे 80 लाखांचा व्यवहार, आणि हाती आल्या 155 जीप. संसदेत गदारोळ झाला. 1955 मध्ये सरकारने ते प्रकरण मिटले असे जाहीर केले. इतिहासाचा योग बघा, हेच मेनन संरक्षणमंत्री असताना 1959 च्या सुमारास जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातून लष्करी ट्रक बाहेर पडू लागले. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या सहकार्याने बनणाऱ्या या ट्रकचे नाव 'शक्तिमान'. रोमन लिपीत हे नाव लिहिले की शेवटची तीन अक्षरे म्हणजे त्या कंपनीचे नाव! ज्याला हे सुचले तो भाषेचा माणूस असणार. शक्तिमान 1996 पर्यंत बनत होता. जबलपूरलाच निसानच्या पेट्रोल जातीची 'जोंगा' बनली. 'जोंगा' हा शब्द कुठल्या आदिवासी बोलीतला असावा असे मला बरीच वर्षे वाटे. पण तो जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचा जुडगा आहे.

हे झाले लष्कराचे. गावात जीप आली ती सरकारची म्हणून. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, ब्लॉक आले आणि ब्लॉकबरोबर बीडीओ साहेबांची जीप आली. 1953 मध्ये हिवतापाविरुद्धची देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिच्यात फवारणीच्या पथकांची जीप. आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेली पहिली मोटार बहुधा हीच. धुरळा दिसला की पोरे शाळेतून खिडकीकडे धावत. पण त्या धुरळ्याचे अर्थ घरोघर वेगळे होते. देवीची लस टोचणारे आले म्हणून कुणी पोरांना कणगीआड लपवी, वसुलीचे साहेब आले म्हणून कुणी स्वतःच लपे. पुढे 1975 मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्या विजयाचे श्रेय लस शोधणाऱ्यांना, टोचणाऱ्यांना आणि शोध घेत गावोगाव हिंडणाऱ्यांना आहेच. पण जिथे एसटी जात नव्हती तिथे त्यांना नेणाऱ्या गाडीला आणि ड्रायव्हरला त्या यादीत शेवटची का होईना, एक ओळ मिळायला हवी.

नंतर साखर कारखान्यांच्या जीप आल्या, निवडणुकीच्या आल्या, आणि मग सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे 'वडाप', मराठवाड्याची 'काळी-पिवळी'. त्यांतल्या बहुतेक गाड्या दोनच चाकांवर ओढणाऱ्या होत्या, कारण त्या स्वस्त पडत. पण बांधणी तीच. नऊ माणसांच्या गाडीत अठरा माणसे, वर टपावर भाजीच्या पाट्या, तरी घाट चढायची.

आता मूळ प्रश्न. या गाड्यांचे लोकांना एवढे वेड का? आज अमेरिकेत चांगला सजवलेला पॉवर वॅगन नव्या आलिशान मोटारीच्या किमतीला विकला जातो. आपल्याकडेही लष्कराच्या लिलावातली जीप मिळवण्यासाठी तरुण धडपडतात. जुन्या काळाबद्दलची हळहळ हे एक कारण आहे, पण तेवढ्याने समाधान होत नाही. कारण ज्यांनी या गाड्या रोज चालवल्या त्यांना विचारा! ब्रेक आज दाबला तर उद्या लागायचा. कमानपाटे असे कडक की दिवसभराच्या प्रवासानंतर पाठ धरायची. पावसात हुडातून पाणी, उन्हात बॉनेटची धग पायाला. पेट्रोल पिण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. आणि जीप वळणावर उलटते हे तर सैन्यातही माहीत होते. तेव्हा 'जुने ते सोने' एवढ्यावर हा विषय संपत नाही.

मला सुचणारे कारण असे की ही गाडी बघणाऱ्याला समजते. बॉनेट उघडले की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. कोणता दांडा कुठे जातो ते बोटाने दाखवता येते. छोटा दांडा ओढला की पुढचा आस जोडला जातो, हे हाताला जाणवते, कानाला ऐकू येते. जे समजते ते दुरुस्त करता येते, आणि जे दुरुस्त करता येते त्याची भीती वाटत नाही. तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीने कुठलेही पुस्तक न वाचता क्रॉस बदलले, पाटे बदलले, ऑइल सील बसवली, गॅस्केट कापून घेतले. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात, कमी तेल पितात. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण त्यांनी मिस्त्रीला आणि मालकाला दोघांनाही दाराबाहेर उभे केले आहे. संगणक लावून बघितल्याशिवाय कुणालाच काही कळत नाही.

दार्जिलिंगकडे मानेभंजांग ते सांदकफू हा 31 किलोमीटरचा चढ आहे. शिखर 3,636 मीटरवर. तिथे चहाच्या मळ्यांतल्या इंग्रजांनी मागे ठेवलेल्या 1950 च्या दशकातल्या लँड रोव्हर स्थानिक चालकांनी अनेक दशके दगडधोंड्यांतून चालवल्या. माणसे, बटाटे, गॅसची टाकी सगळे वाहिले. बऱ्याच गाड्यांत इंजिने बदलली गेली, भाग गावातच घडवले गेले. संग्राहकाला विचाराल तर या गाड्या 'भ्रष्ट' झाल्या. मला विचाराल तर हा जीर्णोद्धार आहे. देवळाचा कळस नवा आला, सभामंडप नवा आला, म्हणून कुणी ते देऊळ दुसरे म्हणत नाही. आत पूजा चालू आहे ना, एवढेच आपण बघतो.

आणि आता घरातला वाद. आमच्या मेव्हण्यांनी 1980 च्या दशकात सरकारी लिलावात एक जुनी फोर व्हील जीप घेतली. तिचे पेट्रोल इंजिन काढून त्यांनी डिझेल बसवले. तेव्हापासून ती शेतावर आहे. दुधाचे कॅन, उसाचे बेणे, खताची पोती, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की बाळंतपणाला निघालेल्या वस्तीवरच्या लेकीसुनासुद्धा. आता भाच्याच्या मनात आहे की तिला पुन्हा मूळ रूप द्यावे; मूळ इंजिन शोधावे, मूळ रंग द्यावा आणि 'व्हिंटेज' म्हणून नोंद करावी. कुटुंबात यावर दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडून मला फोन येतात.

मी नियम वाचला. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरे. नियम चांगला आहे, जुन्या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील. पण त्यात एक अट आहे. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे, एवढ्यासाठीच. राजघराण्यातल्या मोटारीला या अटीने काही फरक पडत नाही, ती तशीही गॅरेजमध्येच असते. पण कामाच्या गाडीचे काय? ज्या गुणासाठी तिला मान द्यायचा तोच गुण आधी काढून घ्यायचा! दुधाचे कॅन उतरवले की मग ती 'वारसा' होणार.

अमेरिकेत असेच काहीसे घडले, फक्त उलट्या टोकाने. महिंद्र कंपनीने 2018 मध्ये मिशिगनमध्ये 'रॉक्सर' नावाची गाडी काढली. आपल्या जुन्या जीपचीच नात, पण सार्वजनिक रस्त्यावर चालवायची परवानगी नसलेली, फक्त शेतावर आणि रानात फिरायची. जीपचे नाव ज्यांच्याकडे आले होते त्या कंपनीने तक्रार केली आणि 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने मूळ रॉक्सरचे रूप जीपच्या रूपाची नक्कल ठरवले. ज्या रूपाचा परवाना घेऊन माझगावला गाड्या जोडल्या, त्या रूपावरून सत्तर वर्षांनी भांडण! मूळ रूप आता मालमत्ता झाले आहे. राबणे मात्र कुणाच्याच मालकीचे नाही.

भाच्याची बाजूही मला कळते. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तंदुरुस्तीची तपासणी, वाढते शुल्क. धूर जास्त निघतो हे खरेच आहे आणि वस्तीवरच्या लेकरांच्या नाकात तो जातो हेही खरे. आज ना उद्या ती रस्त्यावरून उतरणार. तेव्हा ती भंगारवाल्याकडे जावी की चकचकीत होऊन मांडवात उभी राहावी, असा प्रश्न आला तर मांडव बरा.

पण ती वेळ अजून आलेली नाही. माझे मत विचारलेच आहे तर सांगतो. तपासणीत पास होते आहे तोवर तिला राबू द्यावे. डिझेल इंजिन हा तिच्यावरचा डाग नाही, मेव्हण्यांनी आणि त्यांच्या मिस्त्रीने लिहिलेले तिच्या चरित्रातले एक प्रकरण आहे. ते खोडून 1960 च्या दशकातले पहिले पान पुन्हा चिकटवले तर मधली चाळीस वर्षे जातील, आणि आपल्या घराचा संबंध आहे तो त्या चाळीस वर्षांशीच. भाच्याला पैसा आणि वेळ घालवायचाच असेल तर आधी एक काम करावे. तिच्यावर हात बसलेला मिस्त्री आता पंच्याहत्तरीचा आहे. त्याच्याजवळ बसून एक वही भरावी. कोणता भाग कुठल्या गाडीचा बसतो, कोणता आवाज आला की काय समजायचे, पुढचा आस कधी जोडायचा आणि कधी नाही, वगैरे. क्लिंटनव्हिलच्या झाकोचे पेटंट तरी दप्तरात सापडते. आपल्या मिस्त्रीने काय काय शोधून काढले ते कुठेच लिहिलेले नाही, आणि तो गेला की ते कुठल्याही लिलावात मिळणार नाही.

असो. लेख नेहमीप्रमाणे लांबला. दोन्ही तटांच्या मंडळींनी आता फोनवर न भांडता इथेच आपापले म्हणणे लिहावे. आणि वाचकांपैकी कुणाच्या गावात अशी एखादी म्हातारी अजून कामावर असेल, तर तिची आणि तिच्या मिस्त्रीची हकिगत जरूर कळवा.